चावी मीच खाली केली होती

हे मी आजवर कोणाला बोललो नाही. बायकोलापण नाही — आणि तिला तर मी पोट बिघडलं तरी सांगतो. हसू नका... नाही, हसा. लोकांनी हसावं हीच माझी खोड.

मी कडोदऱ्याला लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, जनरेटरवाला. शाळेचं तोंड नाही पाहिलं. पण लाईट गेली की अख्खं खातं माझ्या नावाने ओरडायचं, "ए सुभाष, धाव रे!" मी लुंगी सावरत धावणार, जनरेटर धडधडणार, आणि मी असा ऐटीत बाहेर येणार, जसा सूर्य मीच उगवला!

मग शेठने बॅटरी आणली. फ्रिजएवढं कपाट. लाईट गेली की लगेच बॅटरी चालू, ती उतरली तरच डिझेल — तेही आपोआप. लाईट गेली हेच कोणाला कळेना. मग मला हाक कोण मारणार? कपाटाचा राग येतो का माणसाला? मला आला.

त्या कपाटाला एक चावी होती, दिव्याच्या बटणासारखी वर-खाली होणारी. वर असली की सगळं आपोआप, खाली केली की माझ्या हाताने. मी — कसं सांगू — मी दुपारी हळूच ती खाली करून ठेवायचो. लाईट जायची, आरडाओरडा, आणि मी हजर. नंतर चावी परत वर. तीन-चारदा जमलं.

एकदा लाईट गेली तेव्हा मी चहाच्या टपरीवर. काय करत होतो? त्याच कपाटाची नक्कल. आमच्या खात्याला खिडक्या नाहीत, भर दुपारी मिट्ट काळोख. आमच्या डिंडोली वस्तीतले दगडू आप्पा डोक्यावर कापडाचा ताका घेऊन लोखंडी जिना उतरत होते. मी पोचलो तेव्हा ते खाली पडलेले. पाय मोडलेला.

आधी आप्पांना उचललं? नाही. त्यांना ओलांडून गेलो — हो, ओलांडून — आणि चावी वर केली. दिवे लागले. मग उचललं.

बॅटरी उशिरा आली म्हणून शेठ भडकला. मीच म्हणालो, "शेठ, कपाट ते, त्याचा काय भरवसा?" सगळे हसले. शेठने कपाट बंदच करून टाकलं. माझ्या हाका परत सुरू.

आप्पा आता लंगडतात. लूमवर उभं राहवत नाही, गेटवर बसतात. मी आलो की रोज म्हणतात, "तू व्हता म्हनीसन मी वाचनू, भो."

आणि लाईट गेली की पहिली हाक तेच मारतात. मी धावतो.