सिस्टर गाडी शिकतात

सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली, तरी अमडापुरात सगळे मला अजून सिस्टरच म्हणतात. माझे यजमान हायस्कुलात मराठी शिकवायचे, म्हणून ते सर. घरात आम्ही दोघंच असलो तरी मीही त्यांना सरच म्हणते. इतक्या वर्षांची सवय आता मोडणार नाही.

उपासनेला आम्हाला चिखलीच्या वाटेवरच्या एका गावात जावं लागतं. तिथं पत्र्याच्या छपराचं एक प्रार्थनामंदिर आहे आणि मोजक्या घरांची मंडळी. सर त्या मंडळीचे वडील, म्हणजे पाळकांच्या हाताखाली जबाबदारी घेणारे. प्रभुभोजनाच्या रविवारी द्राक्षरसाच्या लहान लहान प्याल्यांचं तबक घेऊन बाकांमधून फिरायचं काम त्यांचं. लग्न झाल्यापासून दर रविवारी सर मोटारसायकलवर पुढे, मी मागे, मांडीवर शास्त्र आणि गीतांचं पुस्तक, अशी आमची स्वारी निघायची.

मग सरांना कंपवात झाला. आधी उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला, नंतर सगळा हात. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. सकाळची एसटी तिथं पोचते तेव्हा पाळक शेवटचा आशीर्वाद देत असतात. एक रिक्षावाला ठरवला. दोन रविवार आला, मग लग्नसराई लागली आणि त्याला आमच्यापेक्षा वऱ्हाडी परवडायला लागले.

पुण्यात राहणाऱ्या आमच्या मुलाने तोडगा काढला. मोबाईलवर एका शहरातल्या मोठ्या चर्चची उपासना लावून दिली. आम्ही दोघं आंघोळ करून, चांगले कपडे घालून मोबाईलसमोर बसलो. शेवटी तिकडच्या पाळकांनी आशीर्वादासाठी हात वर केले, आम्ही उभे राहिलो, डोळे मिटले. तेवढ्यात नेट अडकलं. काही ऐकू येईना. मला वाटलं, शहरात मूक प्रार्थनेची पद्धत असेल. आम्ही तसेच उभे. मग एकदम एका बाईचा गोड आवाज आला, "केसगळतीने हैराण आहात?" आणि सर गंभीरपणे म्हणाले, "आमेन."

सरांच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत. मी हसून हसून पलंगावर बसले. सर मात्र हसले नाहीत. मोबाईल उलटा ठेवून म्हणाले, "राहू दे आता. देव घरातही ऐकतो."

वाक्य खोटं नव्हतं. पण "राहू दे आता" हे शब्द मी दवाखान्यात फार ऐकलेत. ते म्हणणारा पेशंट आधी जेवण सोडतो, मग खिडकीबाहेर बघणं सोडतो. मी त्याच दुपारी ठरवलं, गाडी मी चालवणार. अडचण एकच होती. मला सायकलसुद्धा येत नव्हती.

आमच्या शेजारी भाजीपाला पिकवणारं कुटुंब आहे. त्यांची सून रोज पहाटे स्कुटीच्या पुढच्या जागेत वांग्यांचं पोतं आणि मागे मेथीचं गाठोडं बांधून बाजारात जाते. तिचा नवरा माझ्या हातावर जन्मलेला, म्हणून ती मला हक्काने काकू म्हणते. ती अंगणात मेथीच्या जुड्या बांधत असताना मी तिच्याजवळ गेले.

"मला गाडी शिकव."

"तुमाले? काऊन? कुठं जाऊन राह्यल्या?"

"प्रार्थनेला."

"अन् सर?"

"ते मागे बसतील."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "गाडी तर मी शिकवतो काकू. सरायले मांगं बसवणं मात्र तुमचं तुम्ही पाहा."

शाळेमागच्या मैदानात शिकवणी सुरू झाली. तिने मला सीटवर बसवलं, दोन्ही पाय जमिनीला टेकवून हळूहळू पुढे जायला सांगितलं. मी मूठ जरा जास्त पिळली. गाडी उसळली आणि मी प्रभूचा धावा केला. आता धावा करताना डोळे मिटायचे, हे आईने लहानपणीच अंगात भिनवलेलं. डोळे उघडले तेव्हा मी कडब्याच्या गंजीत होते आणि गाडी माझ्याशेजारी आडवी पडून घरघरत होती.

"काकू!" ती धावत आली. "देवाचं नाव घ्या ना, कोन नाही म्हनते? पन डोये उघडे ठेवून घ्या!"

हे मी संध्याकाळी सरांना सांगितलं. कित्येक महिन्यांनी सर मोठ्याने हसले. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. म्हणाले, "प्रभूने शिष्यांना नुसती प्रार्थना करायला सांगितलं नव्हतं, जागंही राहायला सांगितलं होतं. तू अर्धाच धडा केलास." मी केसातला कडबा काढत म्हटलं, "उरलेला उद्या करते."

दुसऱ्या दिवशी मैदानातल्या एकुलत्या एका खड्ड्याने मला ओढून घेतलं. एवढं मोठं मैदान, आणि मी बरोबर खड्ड्यात. पुन्हा वळून आले, पुन्हा त्याच खड्ड्यात. तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही त्याच्याकडंच पाहून राह्यल्या ना! जिथं पाहसान तिथंच गाडी जाते. जायाचं तिथं पाहा." मला प्रभूकडे बघत पाण्यावर चालणारा त्याचा शिष्य पेत्र आठवला. लाटांकडे बघेपर्यंत बरा चालला होता बिचारा. लहानपणापासून ती गोष्ट ऐकत आले, रविवारच्या शाळेत मुलांना सांगतही आले, पण पेत्र बुडाला कसा हे पोटऱ्या खरचटल्यावर नीट कळलं.

मैदानातून रस्त्यावर आले तो दिवस सोयाबीन काढणीचा होता. लोकांनी अर्ध्या डांबरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. समोरून ट्रॅक्टर आला, मी त्याला वाट द्यायला गाडी बाजूला घेतली आणि चाक दाण्यांवरून सटकलं. पडले ती पसरलेल्या सोयाबीनवर. राखण बसलेले बाबा काठी टेकत उठले. मला वाटलं, आता ओरडतील.

"लागलं का सिस्टर?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटल्यावर दाणे सारखे करत म्हणाले, "मंग ठीक. मले वाटलं, आमचं सोयाबीन मळून देऊन राह्यल्या."

गावाला महिनाभर पुरेल एवढी करमणूक झाली. दुकानात गेले की लोक विचारायचे, आज कुठं पडल्या? मी खरं ते सांगायचे. लपवून काय करणार, गुडघ्यावरची पट्टी दिसतच होती. मुलाचा फोन आला, "आई, हट्ट सोड. हाड मोडेल." मी म्हटलं, "मोडलं तर प्लास्टर कसं घालतात ते मला माहीत आहे." फोन ठेवला आणि चप्पल घालून पुन्हा मैदानात गेले. घाबरत नव्हते असं नाही. पण एकदा भीतीचं ऐकलं की ती रोज काही ना काही सांगत बसते, हे मला दवाखान्याने शिकवलं होतं.

लायसनच्या परीक्षेला बुलढाण्याला गेले. आखलेल्या वळणावर पाय टेकला आणि नापास झाले. सगळी पोरं विशीतली, त्यांच्यात मीच एक पांढऱ्या केसांची. परीक्षा घेणारे साहेब भले माणूस होते. म्हणाले, "मावशी, सराव करून या." मी करून गेले. या वेळी वळणावर जमिनीकडे पाहिलंच नाही. पास झाले. शेजारच्या सुनेने सगळ्या गल्लीत पेढे वाटले, मला विचारलंसुद्धा नाही.

निवृत्तीच्या पैशातून एक जुनी गाडी घेतली. महिन्याचा पहिला रविवार उजाडला. प्रभुभोजनाचा दिवस. मी गाडी पुसली, सरांचा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला. सर मात्र बनियनवर खुर्चीत बसून.

"तू जाऊन ये," ते म्हणाले.

"म्हणजे? मी कुणासाठी पडले एवढी?"

सरांनी उजवा हात डाव्या हाताने दाबून धरला आणि म्हणाले, "शेवटच्या वेळी मी मेजेवरून तबक उचललं ना, तेव्हा चार प्याले सांडले. पांढऱ्या चादरीवर. पाळकांनी पटकन रुमाल टाकला, तुला मागून दिसलं नसेल. ती प्रभूची मेज होती. मला पुन्हा तिथं उभं राहायचं नाही."

म्हणजे एसटी नव्हती, रिक्षा नव्हती, ते सगळं खरं असलं तरी अडचण वेगळीच होती. मी त्यांच्यासमोर खाली बसले. रागही आला होता आणि रडूही. म्हटलं, "सर, मी जन्मभर लोकांना चमच्याने पाणी पाजलं. कुणाचा हात थरथरतो म्हणून त्याला तहान लागायची थांबत नाही. तुम्हाला उभं राहायचं नसेल तर राहू नका. बसा. पण बसायचं ते मंडळीत."

मी सदरा पुढे धरला. त्यांनी हात बाहीत घातला. बटणं मी लावली.

वाटेत सर मागून सूचना देत होते. "हॉर्न वाजव. म्हैस आहे. कडेने घे." शेवटी मी ओरडले, "एक तर तुम्ही चालवा, नाही तर प्रार्थना करा!" मग ते पुटपुटत राहिले. काय प्रार्थना केली ते मी विचारलं नाही, पण माझा खांदा त्यांनी इतका घट्ट धरला होता की त्यात भक्ती किती आणि भीती किती, सांगणं कठीण.

आम्ही पोचलो तेव्हा पहिलं गीत चालू होतं. लोकांनी वळून पाहिलं आणि गीताचा सूर थोडा गडबडला. सर शेवटच्या बाकावर बसले. त्यांच्या शेजारी आमच्या मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी होत्या. कंबरेतून वाकलेल्या, कानाने कमी, त्यामुळे त्यांची कुजबूज सगळ्या मंदिराला ऐकू जाते.

तबक आमच्या बाकाशी आलं. आता ते एक तरुण मुलगी फिरवत होती. सरांनी हात पुढे केला, तो थरथरला, आणि त्यांनी तो मागे घेतला. मी उठणार, तेवढ्यात आजींनी स्वतःच्या सुरकुतलेल्या बोटांनी एक प्याला उचलला आणि सरांच्या ओठांशी नेला.

"प्या सर," त्या कुजबुजल्या, म्हणजे सगळ्यांनी ऐकलं. "माह्या कंबरेनं मले उठता येत नाही तं इतके वर्षं तुम्हीच जागेवर आनून देत होते ना? आता माही पाळी."

सर प्याले. एक थेंब हनुवटीवर ओघळला, तो आजींनी पदराने पुसला. शिष्यांचे पाय धुवायला प्रभू खाली वाकला तेव्हा पेत्राने आधी नको म्हटलं होतं. मी आजवर त्याला भिडस्त समजत होते. सेवा करणाऱ्या माणसाला सेवा करून घेणं किती जड जातं, ते मला त्या बाकावर दिसलं. सर रडत होते. आजी मात्र लगेच जोरात कुजबुजल्या, "आज रस जरा आंबटच लागून राह्यला," आणि पाळकांसकट सगळी मंडळी हसली.

उपासना संपल्यावर पाळकांनी सरांना नवं काम दिलं. दर रविवारचं शास्त्रवाचन. त्यासाठी सुतारकाम येणाऱ्या एका भावाने लाकडी घोडी करून दिली, म्हणजे पुस्तक हातात धरायला नको. हात हलतो, पण आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आहे.

पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघरात अजून दूध तापवत होते, तर सर बूट घालून अंगणात. बाहेर येऊन पाहते तो गाडीच्या सीटवर बसलेले, तोंड समोर, पुढच्या जागी.

"सर," मी म्हटलं, "मागे सरका."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, आणि मागे सरकले.