कुत्री जवळ येईनाशी झाली

दुसऱ्या किमोनंतर आमची कुत्री माझ्यापासून लांब राहू लागली. एरवी पलंगाखालची तिची जागा ती कधी सोडत नसे. आता दाराशी यायची, आत डोकवायची आणि शेपूट पायांत घालून मागे फिरायची. हाक मारली तरी नुसती बघत उभी.

केस गळतील, तोंड येईल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. हे कोणी सांगितलं नव्हतं. खासगी बाजार भागात राहणारी माझी नणंद भेटायला आली होती. दारातल्या कुत्रीकडे बघून ती सहज म्हणाली, "वहिनी, जनावरांना आधी कळतं म्हणतात." लगेच तिने विषय बदलला, पण तिचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. छातीतली गाठ काढली होती, तरी आत काहीतरी उरलंय आणि कुत्रीला त्याचा वास येतोय, असं मला वाटू लागलं. मी स्वतःचेच हात हुंगून बघायची. तिची नजर टाळायला भिंतीकडे तोंड करून पडायची.

शेवटी एका दुपारी जेवताना ह्यांना विचारलं, "मी वाचत नाही, हे हिला कळलंय का हो?"

ह्यांनी हातातला घास खाली ठेवला. "मीच हाकलतो तिला," ते म्हणाले. "तुझा डोळा लागला की चप्पल दाखवतो. पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, इन्फेक्शन सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले ना? मी घाबरलो गं."

मला रागावताही आलं नाही.

पुढच्या खेपेला कंपू भागातल्या दवाखान्यात मी डॉक्टरांनाच कुत्रीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "तिच्या लसी झाल्यात ना? मग राहू दे. चाटू द्यायचं नाही, हात धुवायचे, तिची घाण दुसऱ्यांनी काढायची."

तरी ती लगेच आली नाही. दारात बसून ह्यांच्याकडे बघत राहायची. एका सकाळी मात्र हळूच आत आली आणि माझ्या पायांना पाठ टेकून पसरली. त्या दिवशी तपासणीचा रिपोर्ट यायचा होता, धास्तीने माझे पाय गार पडले होते. तिचं पोट वरखाली होत होतं, त्याच लयीत मी श्वास घेत राहिले.

आता उपचार संपलेत, तपासण्या चालू आहेत. रिपोर्ट यायचा असला की अजून भीती वाटते. मग मी तिच्याजवळ सतरंजीवर बसते. हल्ली हेही येऊन बसतात, तिच्या पाठीवर हात ठेवतात.