बाकाखालचा सैनिक

तुमसर रोड स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या एका अनोळखी तरुणानं अंतराळयानाचा हातानं काढलेला नकाशा पसरला होता. आवडत्या कादंबऱ्यांमधल्या अंतराळयुद्धाचा तो फासे टाकून, गोष्ट सांगत खेळायचा खेळ बनवत होता. सैनिक म्हणून चिंचोके होते. प्रत्येक चिंचोका तो शर्टाला पुसून मांडायचा. मला असल्या खेळांचा कंटाळा, तरी बसलो.

माझा फासा वाईट पडला, यान पेटलं.

"मेला ना माझा सैनिक?"

"पुस्तकात मेला, भाऊ. तिथं त्याले आणाले कोणी गेलं नाही. माह्या खेळात पडलेल्याले आणल्याबिगर कोणालेच पुढं जाता येत नाही."

तेवढ्यात आमची दोघांची गाडी आली. घाईत नकाशा गुंडाळताना माझा चिंचोका बाकाखाली घरंगळला.

मी डब्याच्या दारातून हाका मारत होतो. गाडी हलली, तरी तो गुडघ्यांवर बसून शोधतच होता.