कतारमधली बरोबरीत सुटलेली कुस्ती

कतारला जायचं ठरलं ते एका फोनमुळे. मेसईदच्या एका कारखान्यात वेल्डर असलेला माझा धाकटा भाऊ संतोष सहज बोलल्यासारखं बोलला, "ताई, शुक्रवारी कुस्ती धरलीय." गावच्या मैदानातून त्याला शेवटचं बाहेर आणलं होतं ते चौघांनी उचलून. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कुस्ती सुटली. आता चाळिशी जवळ आलेली, काँट्रॅक्ट वाढायच्या आधीची मेडिकल तोंडावर. गुडघा पुन्हा गेला तर नोकरीही जाणार. फोनवर तो ऐकेना. मी शाळेत रजा टाकली आणि निघाले, त्याला थांबवायला.

व्हिसा दोह्यात उतरल्यावर मिळाला. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हाताशी ठेवा, आणि निघण्यापूर्वी नियम पुन्हा पाहून घ्या, ते बदलत असतात. जायचं तर हिवाळ्यातच. मेट्रो स्वच्छ आहे, दोन रियालमध्ये शहर पालथं घालता येतं. मी मात्र दर स्टेशनाला उठून उभी राहत होते, आमचं नसलं तरी.

संध्याकाळी संतोष मला कटारा नावाच्या सांस्कृतिक संकुलात घेऊन गेला. समुद्राच्या अंगाला भलंमोठं दगडी अँफीथिएटर आहे, गोलाकार पायऱ्यांचं, जुन्या रोमन धाटणीचं पण नवंकोरं. रोममध्ये अशाच पायऱ्यांवर बसून लोक माणसांच्या झुंजी बघायचे. मी इतिहास शिकवते. मुलांना त्यातलं मरणच तेवढं लक्षात राहतं. पण प्रत्येक झुंज मरणावर संपत नसे. दोघं तोडीस तोड लढले की लोक ओरडून, कपडे हलवून त्यांना सोडा म्हणत, आणि दोघंही आपल्या पायांनी बाहेर पडत. कायमच्या सुटलेल्याला लाकडी तलवार मिळे. हे मी संतोषला सांगत होते, वळणावळणाने मुद्द्यावर येत होते.

"म्हंजे बरोबरीत सोडवायचे," तो म्हणाला. "आपल्यासारखंच की."

"हो. त्यात लाज नव्हती."

"आणि ती तलवार? मागितली की द्यायचे?"

"नाही रे. त्यांना वाटलं तर द्यायचे."

"मग झालं तर." त्याने करकचा कागदी कप चुरगळला. करक म्हणजे वेलची घालून उकळलेला इथला घट्ट चहा, जाल तिथे प्या. "ताई, मला जिंकायचं न्हाई. मैदानातनं चालत बाहेर यायचंय. एकदा."

 हॉटेलवर मी रात्रभर एसी चालू कर, बंद कर, एवढंच केलं.

शुक्रवारी त्याचा मित्र ब्रायन डबल केबिनची पिकअप घेऊन आला. ब्रायन वसईचा, इथे एका गोदामात सुपरवायझर. इंडस्ट्रियल एरियात पर्यटक जात नाहीत. गॅरेजं, गोदामं, टायरांचे ढीग, कामगारांच्या खोल्या. आणि त्यांच्या मागे मोकळ्या वाळूत शेकडो माणसं गोल करून बसलेली. बाई एकही नाही.

"ताई, तुम्ही पुढच्या सीटवर बसून बघा," ब्रायन ड्रायव्हरच्या जागेवरून उतरत म्हणाला. "खाली उतरलात तर लोक कुस्ती सोडून तुम्हालाच बघत बसतील."

पलीकडे कंपन्यांच्या बस उभ्या होत्या. "बसचा लांबलचक हॉर्न वाजला की सगळ्यांनी पळायचं," तो म्हणाला. "बस चुकली की खलास, रूमवर चालत."

ढोल सुरू झाला. समोरचा पोरगा मुलतानचा, विशीतला. दोघांनी वाळू अंगाला चोळली, हात मिळवले. संतोष हलका झाला होता. इतकी वर्षं तो मला असा दिसलाच नव्हता. मग पोराने पट काढायला झेप घेतली आणि त्याचा डावा पाय धरला. तोच पाय. संतोषचा हात पोराच्या काखेतून गेला होता. कुस्तीतलं मला थोडं कळतं. तिथून पोरगा पाठीवर गेला असता, नाहीतर संतोषचा गुडघा.

हात आपोआप गेला असं लिहिणं सोपं आहे. मी ड्रायव्हरच्या सीटकडे सरकले, ठरवून हॉर्न दाबला आणि दाबून धरला.

माणसांचं कडं फुटलं. निम्मे लोक चपला शोधत बसकडे पळाले, काही थेट मैदानातून. पंचाने दोघांना अलग केलं. तेवढ्यात सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली. "बराबर! खलास!" पंच ओरडला. पोराने संतोषला मिठी मारली. संतोष चालत बाहेर आला. लंगडत नव्हता.

गाडी मुख्य रस्त्याला लागली. मग ब्रायनने घसा खाकरला. "ताई, आपल्याला बस कुठली पकडायची होती?"

संतोष हसला नाही. "ढाक डाव लावणार होतो मी," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "उडालं असतं पोरगं."

"आणि गुडघा?"

"ते बी कळलं असतं."

शनिवारी मेसईदजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर गेलो. वाळू संपते तिथे समुद्रच लागतो. जरूर जा, पाणी आणि टोपी घेऊन. तो पुढे चढत होता. मागून मी त्याच्या गुडघ्याकडेच बघत होते.

आता घरी आहे. मेडिकल पास झाली, काँट्रॅक्ट वाढलं. आईने देवापुढे साखर ठेवली. मीही सुटकेचा निःश्वास सोडला, पण तो पूर्ण सुटत नाही. वर्गात रोमचा धडा आला तेव्हा पायऱ्यांवर बसलेल्यांबद्दल मी घाईघाईने बोलले आणि पान उलटलं.

काल संतोषचा मेसेज आला. बरोबरीत सुटलेली कुस्ती पुन्हा धरलीय, त्याच पोराबरोबर. खाली लिहिलं होतं, "यायचं तर ये. पण मागच्या सीटवर बसायचं."

मी तिकिटं बघते आहे. मागच्या सीटवरून हॉर्नपर्यंत हात पोचत नाही. मैदान मात्र दिसतं.