विक्रांतच्या रायफलची दुर्बीण

आमच्या निशिकांतला कुणी साधा टोस्टर विचारला, तरी हा माणूस आठवडाभर त्यातच बुडतो. सिंगापूरच्या आमच्या ओळखीत राईस कुकर घ्यायचा असो नाहीतर एसी, आधी त्याला फोन. तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात दिवसभर आकडे बघून पोट भरत नाही, म्हणून घरी येऊन लोकांच्या मिक्सरचे रिव्ह्यू वाचतो. माझाच नवरा आहे, म्हणून हक्काने सांगते.

एका वर्षी माझ्या धाकट्या भावाचा, विक्रांतचा, ऑस्ट्रेलियाहून फोन आला. तिथे त्याची शेती आहे आणि रानडुकरांनी नुसता उच्छाद मांडला होता. रायफल होती, परवाना होता, फक्त तिच्यावर बसवायची दुर्बीण, म्हणजे स्कोप, घ्यायचा होता. "भाऊजी, तुम्ही सांगाल तो घेतो," म्हणाला. झालं! झुरळ दिसलं की मला हाक मारणारा माणूस शिकारीचा तज्ज्ञ झाला.

मला त्या स्कोपचं काही पडलेलं नव्हतं. मला काळजी होती ती निशिकांतच्या डोळ्यांची. माझ्या सासऱ्यांची नजर काचबिंदूने गेली, तीही इतकी हळूहळू की घरात कुणाला पत्ता लागला नाही. त्यांच्या मुलांनी दरवर्षी डोळे तपासायचे, असं तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं. हा एकदा जाऊन आला, मग नुसतं "बघू, बघू". आणि त्या दिवसांत एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उजवीकडच्या माणसाला धडकायचा. उजव्या हाताशी ठेवलेला चहा सांडायचा. विषय काढला की म्हणायचा, "चांगला डॉक्टर शोधतोय गं. कम्पेअर करतोय." कर बाबा, कर!

स्कोपचं काही केल्या ठरेना. विक्रांत म्हणायचा, "तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा पुरे. झाडीत डुक्कर जवळून निघतं. पट वाढवली की नुसती कातडी दिसते, डुक्कर कुठे पळालं ते कळत नाही."

"पण संध्याकाळचं अंधुक दिसणार, त्याचं काय? पुढची काच मोठी हवी."

"मोठी काच जड होते, भाऊजी. ती घेऊन मला चालायचंय."

हा फोन ठेवायचा, येरझाऱ्या घालायचा, पुन्हा लॅपटॉप उघडायचा. आज ठरवलेला स्कोप उद्या रद्द. आमची गार्गी वैतागून इथल्या बोलीत म्हणाली, "बाबा, जस्ट बाय लाह!" तिच्यावर असा खेकसला की पोरगी रडकुंडीला आली. एरवी आवाज न चढवणारा माणूस!

स्कोप काही इथे हातात घेऊन बघता येणार नव्हता. मग पट म्हणजे काय ते समजून घ्यायला त्याने शेजारच्या अभयची पक्षी बघायची दुर्बीण आणली. बिशानच्या पार्कात दिवे लागायच्या सुमारास आम्ही पाणमांजरं बघायला गेलो. निशिकांतने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि लगेच खाली घेतली.

"उजवी काच खराब आहे. खाली कोपऱ्यात काळं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या कुणाची तरी आणली. तिचीही उजवी काच खराब. पुढच्या रविवारी पुन्हा पार्कात, हातात तिसरी, अगदी कोरी. तिच्यातही तेच!

माझं डोकंच फिरलं. "सगळ्या कंपन्यांनी मिळून उजवीच काच बिघडवली का रे? उलटी धर ती."

"म्हणजे?"

"वरची बाजू खाली कर. उजवी काच डाव्या डोळ्यावर येईल. दोष काचेचा असेल तर काळं आता डावीकडे दिसेल."

त्याने दुर्बीण उलटी केली आणि डोळ्यांना लावली. पाण्याकाठी पोरं "ऑटर! ऑटर!" करून ओरडत होती. निशिकांतने ती बराच वेळ खाली घेतलीच नाही.

"कुठे आहे काळं?" मी विचारलं.

"उजवीकडेच," तो म्हणाला.

आम्ही घरी परतलो. लिफ्टमध्ये त्याने विक्रांतला मेसेज केला, तू म्हणतोस तोच तीन ते नऊवाला घे. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

सकाळी मी चहा घेऊन गेले तर तो खिडकीशी उभा राहून डोळ्यांच्या दवाखान्यात फोनवर बोलत होता. पलीकडून बाईंनी विचारलं असावं, कुठले डॉक्टर हवेत. मी मनात म्हटलं, आता हा त्यांची डिग्री, अनुभव, रिव्ह्यू, सगळं काढणार.

"कुणीही चालेल," तो म्हणाला. "जे सगळ्यात आधी बघतील ते."

मी चहाचा कप त्याच्या डाव्या हाताशी ठेवला.