उरवड्याच्या गेटवरचा बझर

"मॅडम, तुमचं मशीन खोटं बोलत नाही ना?" डिस्पॅच मॅनेजर शेवाळे साहेबांनी पुन्हा विचारलं.

"मशीन ठीक आहे," मी म्हणाले. गेटबाहेर आपल्या टेम्पोला टेकून उभ्या असलेल्या बबनकडे बघायचं मी टाळलं.

उरवड्याच्या त्या कारखान्यात गाड्यांचे छोटे सुटे भाग बनायचे. निळ्या प्लास्टिकच्या क्रेटमधून, एकट्या बबनच्या टेम्पोने, ते चाकणला एका मोठ्या कंपनीत जायचे आणि रिकामे क्रेट परत यायचे. निदान यायला हवे होते. काही तिकडेच पडून राहायचे, काही दुसऱ्याच सप्लायरच्या गाडीत चढायचे, काहींत लोक कोथिंबीर लावायचे. कायम निम्मे क्रेट रस्त्यावर, त्यामुळे मोजदाद कधी जुळायची नाही. २००८च्या सुमाराला हा गोंधळ निस्तरायचं काम आमच्या कंपनीला मिळालं. मी मूळची परभणीची, पुण्यात नोकरीला आलेली. रोज पौड रोडने स्कूटी हाकत उरवड्याला जाऊ लागले.

आम्ही प्रत्येक क्रेटवर एक टॅग चिकटवला होता. टॅग म्हणजे स्टिकरएवढी पट्टी, आत बारीक चिप. तिला बॅटरी नसते. गेटच्या दोन्ही खांबांवर, टेम्पोच्या हौद्याच्या उंचीला, आम्ही ताटाएवढी एकेक पांढरी चपटी पेटी बसवली. ही अँटेना. तिच्यातून निघालेल्या रेडिओ लहरी लागल्या की टॅग जागा होतो आणि आपला नंबर सांगतो. नंबर आला की वॉचमनच्या केबिनमधला बझर वाजायचा आणि कॉम्प्युटरवर नोंद व्हायची, क्रेट गेला किंवा आला.

दसऱ्यापर्यंत सगळं झकास चाललं. माझी कॉलर ताठ होती.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला आणि शेवाळे साहेबांचा फोन आला. कॉम्प्युटरच्या मते बबनच्या टेम्पोतून दसऱ्याआधी गेलेले बहुतेक क्रेट परत आलेच नव्हते. मी धावत गेले. खंडेनवमीची पूजा झालेली, त्यामुळे कारखाना नटलेला होता. लेथला हार, फोर्कलिफ्टला हार, वजनकाट्याला हार. माझ्या दोन्ही अँटेनांनाही झेंडूचे घसघशीत हार होते, मधेमधे आंब्याची पानं. मला बरं वाटलं. आपलं मशीन घरचं झालं म्हणायचं.

मी वायर बदलली, टॅगचे नंबर वाचणारा रीडर बंद करून चालू केला. एक क्रेट हातात घेऊन अँटेनाजवळ धरला. बझर वाजला. टेम्पो आत येतानाही वाजतच होता, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. मशीन ठीक आहे असं मी सांगून टाकलं आणि बबन जास्तच अडकला.

पुढचे दिवस तर डोकं चक्रावून टाकणारे होते. रोज आदल्या दिवसापेक्षा थोडे जास्त क्रेट परत येऊ लागले. मशीन बिघडलं तर बिघडलेलं राहतं. आजारी माणसासारखं रोज थोडं थोडं बरं होणारं मशीन मी तरी पाहिलं नव्हतं. शेवाळे साहेबांना मात्र यात काहीच कोडं दिसत नव्हतं.

"घाबरलाय तो. ढापलेला माल हळूहळू परत आणून टाकतोय," ते म्हणाले. त्यातच कासार आंबोलीला बबनच्या घरापुढे निळ्या क्रेटमध्ये शेळ्या पाला खाताना कोणीतरी पाहिल्या होत्या. झालं! बबनचा टेम्पो बंद करून दुसऱ्याचा लावायचं ठरलं. टेम्पो त्याचा स्वतःचा होता आणि त्याला काम फक्त याच कारखान्याचं होतं.

"साहेब, एकदा टेम्पो रिकामा करून हाताने मोजू या," मी म्हटलं.

"हातानेच मोजायचं होतं तर तुमचं मशीन कशाला घेतलं?"

बबन टेम्पोत रिकामे क्रेट भरून आला होता आणि त्याला गेटच्या तोंडाशीच थांबवलं होतं. तेवढ्यात त्याची आई आली. घरी राखायला कोणी नसल्यामुळे शेळ्याही बरोबरच आल्या होत्या.

"कोन म्हनतं माझ्या पोराला चोर?" तिने थेट विचारलं. "शेळ्यांचा त्यो फुटका निळा डबा तुमच्याच स्टोअरवाल्यानं दिलाय. इचारा त्याला!"

"आजी, कॉम्प्युटरमध्ये दिसतंय सगळं," शेवाळे साहेब म्हणाले.

"त्या काम्पुटरला डोळं हायेत का? माझा बबन न्हाई तसला!"

शेवाळे साहेब आवाज चढवणार इतक्यात केबिनमधला बझर वाजला आणि वाजतच राहिला. टेम्पो जागचा हलला नव्हता. वॉचमन बावचळून बाहेर आला. मी केबिनमधल्या कॉम्प्युटरकडे धावले. "हरवलेल्या" क्रेटचे नंबर भराभर उमटत होते. मला काही कळेना. आत्ता, या घडीला असं काय बदललं?

बाहेर आले तर एक शेळी मागच्या पायांवर उभी राहून खांबावरचा हार खात होती. अर्धा तिच्या पोटात गेला होता. अँटेना उघडी पडली होती.

मी दुसऱ्या खांबाकडे गेले. "मॅडम, पूजेचा हार हाय, त्याला हात नका लावू," वॉचमन म्हणाला. हार आपोआप सुकून गळू द्यायचा, ही तिथली रीत. मी नमस्कार केला आणि काढला. बझर आणखी जोरात सुरू झाला. मग तो हार आणि शेळीने उरवलेला अर्धा, दोन्ही पाण्याच्या बादलीत बुडवून एकेका अँटेनावर धरायला लावले. बझर एकदम थंडावला.

या लहरींचं आणि पाण्याचं वाकडं आहे. ओल्या वस्तूत त्या जिरून जातात. ताज्या हारातून जेमतेम कडेचे क्रेट वाचले जात होते, आतले नाही. जसजसा झेंडू सुकत गेला तसतसे आतले क्रेट "परत" येऊ लागले.

"म्हणजे क्रेट टेम्पोतच होते?" शेवाळे साहेब म्हणाले. मग त्यांना काहीतरी बोलायला हवं होतं. "अरे, चहा सांगा सगळ्यांना."

"चा नगं," बबनची आई म्हणाली. "चोर म्हनला त्ये आदी माघारी घ्या. हितंच. समद्यांदेखत."

शेवाळे साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "बबन, चुकलं आमचं," ते म्हणाले, बरंच हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"हे हार घातले कोणी?" मी विचारलं.

"मीच," बबन म्हणाला. "टेम्पोला घालीत हुतो, म्हटलं ह्यालाबी घालावा. माझ्या खेपा ह्योच मोजतो. हात जोडून म्हनलो, बाबा, नीट मोज."

मला भरून आलं आणि लाजही वाटली. ज्याने माझ्या मशीनला देव मानलं, त्यालाच ते चोर ठरवत होतं.

आम्ही दोन्ही खांबांवर, अँटेनापासून हातभर वर, एकेक खिळा ठोकला. पुढच्या दसऱ्याला बबनने हार त्या खिळ्यांना घातले आणि क्रेट बिनबोभाट मोजले गेले. तेव्हापासून साइटवर बिघाड शोधताना मी वायरींच्या आधी एक गोष्ट बघते. लोक हात कुठे जोडतात ते.