वरचा सोबती

ऑक्टोबरची सकाळ घामेजलेली होती. पान हलत नव्हतं. मुलुंडच्या त्या सोसायटीमागच्या डोंगरावर धुरक्याचा करडा थर बसला होता आणि त्यातून सूर्य नुसता पिवळा डाग दिसत होता. रतनने टेम्पोतून पंप उतरवला, पाण्याची नळी उलगडली आणि मग दोर मांडीवर घेऊन तो हात-हात चाचपू लागला. हे काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

त्याच्याबरोबर टाक्या धुणारा शिवदास टाकीच्या तोंडाशी उकिडवा बसून आतली हवा तपासायला बादलीत मेणबत्ती लावत होता. टाकी जमिनीखालची, जुनी. जुनी बिल्डिंग पाडली तेव्हापासून बंद होती. आता सोसायटीला ती गाळ काढून परत वापरायची होती. त्याने बादली खाली सोडली. ज्योत बारीक झाली, निळसर झाली, पण विझली नाही.

“थांबूया,” रतन म्हणाला. “आत हवा मारायला ब्लोअर येऊ दे.”

“ब्लोअर अंधेरीक असा. दुपार होतली.” शिवदासचा जन्म गेला भांडुपात, पण जिभेवरनं मालवण उतरलं नव्हतं. “सकाळपासून झाकण उघडा ठेवलंय. वारो गेलो असतलो आत.”

“वारा आहे कुठं? पान तरी हलतंय का बघ.”

“मेल्या, त्या ट्रेनिंगवाल्या बाईन तुका बडी केल्यान आणि तू भ्यायलंस. बडीशेप खा नि गप बस!”

रतनला हसू आलं. ठेकेदाराने मागे ट्रेनिंग ठेवलं होतं. आत उतरणाऱ्याला बाहेर एक बडी हवाच, असं बाईंनी सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चहाच्या टपरीवर त्या शब्दाची चिरफाड झाली. बडी म्हणजे दोस्त, एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, दोस्त कसला, भिडू म्हण. दोस्त काय गुत्त्यावरपण भेटतो. सुपरवायझर निलेश तर सगळ्यांनाच पार्टनर म्हणायचा, त्यातून कुणी रजा मागितली की जास्तच. शिवदासने शेवटी निकाल दिला होता, “जोडीदार! मागसून उडी मारता तो जोडीदार.” आणि रतनच्या पाठीवर थाप मारली होती.

 बोरीवलीच्या एका गच्चीवरच्या टाकीत रतन एकदा शिडीवरून घसरला, गळ्यापर्यंत पाण्यात गटांगळ्या खात होता, तेव्हा शिवदासने कपड्यांसकट उडी मारली होती. ही गोष्ट रतनने विक्रोळीच्या चाळीत घरोघरी सांगितली होती. पण त्याच चाळीत, त्याच्याच खाटेवर झोपून वाढलेला मावसभाऊ भीमराजही होता. भीमराज गटाराच्या चेंबरमध्ये उतरलेल्याच्या मागे उतरला. दोघांना एकाच टेम्पोतून आणलं. माणसं म्हणाली, पोरगा सोबतीला जागला. मावशी रडली नाही. तिने फक्त विचारलं, “मग वर कोण राहिलं?”

त्यानंतर रतनने आपल्या जोडीला एक रीत लावली. खालच्याची गाठ वरच्याने बांधायची. वरच्याने हाक द्यायची, “सोबत?” खालच्याने एकदाच म्हणायचं, “आहे.” दुसरं काही आलं, किंवा काहीच आलं नाही, की दोर ओढायचा.

“अरे, सुरू करा ना!” सेक्रेटरी चंद्रप्रकाश वॉचमनला घेऊन चपला फटफटत आले. “टँकर निघालाय. पाणी कुठं ओतू, माझ्या डोक्यावर?”

शिवदासने दोन्ही हात वर केले. रतनने त्याच्या छातीला दोर बांधला, गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.

“बस रे, बायलेन पण इतक्या कधी आवळूक नाय,” म्हणत शिवदास बॅटरी घेऊन शिडीने खाली गेला.

“सोबत?”

“आहे.”

फावड्याचा आवाज येत राहिला. टाकीच्या मध्ये आडवी भिंत होती आणि तिला खाली माणूस जाईल एवढं भगदाड. बॅटरीचा उजेड त्या भगदाडातून पलीकडे गेला. दोर ताणला, मग सैल पडला.

“सोबत?”

“आहे.”

रतनला ते आवडलं नाही. आवाज लांबून आला होता. त्याने लगेच पुन्हा हाक दिली.

“आहे, आहे... आहे रे आहे...” आणि खालून हसण्याचा आवाज.

रतनने दोर ओढला. दोर हलकाच वर आला. टोक रिकामं होतं. गाठ नीट, सावकाश सोडलेली. भिंतीपलीकडे दोर पुरला नव्हता, म्हणून गड्याने तो सोडला होता आणि नुसत्या हाकेच्या भरवशावर पुढे गेला होता.

“सोबत?”

काही नाही.

“उतर ना रे!” चंद्रप्रकाश ओरडले. “तुझा पार्टनर आहे ना तो?”

त्यांच्या फोनवरून निलेशही तेच सांगत होता. “रतन, पार्टनर, तू आत जा, मी पोचतोच.”

रतनचा पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर होता. कधी ठेवला, त्याला कळलं नाही. खालून कसलाच वास येत नव्हता, पण मारणाऱ्या हवेला वास असतोच असं नाही. मग वर कोण राहिलं? त्याने पाय मागे घेतला.

“फायर ब्रिगेडला लावा. वॉचमन, पंप चालू कर!”

“अरे, पण तू...”

“लावा म्हणतो ना!”

नळी धरून तो झाकणाशी पालथा पडला आणि त्या भगदाडात पाण्याचा मारा करू लागला. पाण्याबरोबर थोडा वारा तरी जाईल. मारता मारता तो घसा फाडून हाका देत राहिला. सोबत? सोबत? वॉचमन तोंडाला हात लावून उभा होता. टाकीतून त्याचीच हाक परत येत होती, जाड होऊन.

मग भगदाडातून एक हात आला. पाठोपाठ डोकं. शिवदास गुरासारखा रांगत होता. रतनने दोराला फास बांधून खाली सोडला, शिव्या घालून घालून तो त्याच्याकडून काखेत घालून घेतला, आणि तिघांनी मिळून त्याला बाहेर ओढलं.

अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा शिवदासचे ओठ अजून काळेच होते. स्ट्रेचरवर त्याने डोळे उघडले. रतनने त्याचा हात धरला. शिवदासने उलट धरला नाही.

“तू इलंस नाय खाली,” तो म्हणाला.

“शिवा, अरे...”

“बोरीवलीक मी इल्लंय.”

दार लागलं. चंद्रप्रकाश कुणाला तरी फोनवर सांगत होते की माणूस वाचला, पण त्याचा सोबती काही उतरला नाही बुवा. डोंगरावरचा थर तसाच होता. शिवदास बरा होऊन कामावर येईल, तेव्हा हाकेला ओ देईल का, हे रतनला माहीत नव्हतं.

त्याने टाकीचं झाकण ओढून घेतलं. नळाखाली बसला, दोराला लागलेला गाळ अंगठ्याने काढत हात-हात धुऊ लागला.